सूर्याचा आठ: वर्षभराचं एकच छायाचित्र कसं काढावं

रोज सकाळी घड्याळात बरोबर आठ वाजता, एकाच जागी उभं राहून सूर्य आकाशात नेमका कुठे आहे त्याची खूण करत गेलं, तर वर्षअखेरीला त्या खुणांमधून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक लांबट आकृती तयार होते. तिचा एक फुगा लहान असतो, दुसरा मोठा. या आकृतीला अ‍ॅनालेमा म्हणतात. ती प्रत्यक्ष आकाशात कधीच दिसत नाही, कारण एका वेळी सूर्य एकच असतो. दिसते ती फक्त छायाचित्रात, आणि त्यासाठी पूर्ण वर्ष द्यावं लागतं.

असं छायाचित्र पहिल्यांदा काढलं ते डेनिस डी चिको यांनी, अमेरिकेत, १९७८-७९ मध्ये. कॅमेरा खिडकीत पक्का बसवून त्यांनी फिल्मच्या एकाच फ्रेमवर वर्षभर पुन्हा पुन्हा एक्स्पोजर दिलं. अकराव्या महिन्यात चूक झाली असती तर आधीचं सगळं गेलं असतं. आपल्याला हा जीवघेणा धोका उरलेला नाही. डिजिटल कॅमेऱ्यात दर वेळचा फोटो वेगळा राहतो आणि शेवटी सगळे एकत्र जोडता येतात. म्हणून आज हे काम नवख्या माणसालाही जमण्यासारखं आहे. साधा कॅमेरा पुरतो, मॅन्युअल एक्स्पोजर देणारा मोबाइलही चालतो. महागडी वस्तू एकही लागत नाही. अवघड आहे ते एवढंच की जागा, दिशा आणि घड्याळाची वेळ या तीन गोष्टी बारा महिने जराही हलता कामा नयेत. बहुतेकांचा प्रकल्प ढगांमुळे बुडत नाही, कुणीतरी ट्रायपॉड उचलून बाजूला ठेवल्यामुळे बुडतो.

आधी थोडं कारण समजून घ्या

हे समजलं नाही तरी फोटो येतील, पण समजलं तर चुका लवकर ओळखू येतील.

पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य जूनमध्ये उत्तरेकडे आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे सरकलेला दिसतो. या दोन टोकांमधलं अंतर जवळजवळ ४७ अंश भरतं. ही झाली आकृतीची लांबी.

रुंदी येते ती घड्याळामुळे. आपलं घड्याळ वर्षभर एकाच चालीने चालतं, सूर्य तसा चालत नाही. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते आणि कक्षेत सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर वेगाने धावते. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वात दूर असते आणि वेग सुमारे २९.३ किलोमीटरवर येतो. त्यात अक्षाच्या कलामुळे सूर्याची ताऱ्यांच्या तुलनेत पूर्वेकडे सरकण्याची रोजची चालही वर्षभर कमीजास्त होते. परिणाम असा की ११ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्य घड्याळाच्या सव्वाचौदा मिनिटं मागे असतो, मेच्या मध्यावर पावणेचार मिनिटं पुढे, जुलैच्या शेवटी साडेसहा मिनिटं मागे आणि ३ नोव्हेंबरच्या सुमारास जवळजवळ साडेसोळा मिनिटं पुढे. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास दोघांचं जमतं. या फरकाला कालसमीकरण म्हणतात.

अक्षाचा कल तेवढा असता आणि कक्षा अचूक वर्तुळ असती, तर आठाचे दोन्ही फुगे सारखे आले असते. कक्षेच्या लंबवर्तुळामुळे डिसेंबरकडचा फुगा मोठा होतो आणि जूनकडचा आवळतो. मंगळावर हे गणित इतकं वेगळं बसतं की तिथला अ‍ॅनालेमा आठासारखा नसून थेंबासारखा असतो.

इथे एक घोळ टाळा. डब्याला बारीक भोक पाडून आत फोटोचा कागद लावायचा आणि तो महिनोन्‌महिने बाहेर ठेवायचा, हा प्रकार वेगळा. त्यात सूर्याच्या रोजच्या पूर्ण वाटा कमानींसारख्या उमटतात. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेत असा एक डबा २०१२ पासून २०२० पर्यंत राहून गेला आणि त्यात आठ वर्षांच्या कमानी मिळाल्या. चित्र सुंदर आहे, पण त्यात आठ नाही. आठ हवा तर रोजच्या वाटेवरचा एकच ठरावीक क्षण टिपावा लागतो.

डोळे आणि फिल्टर

इथे मी घाई करणार नाही, तुम्हीही करू नका.

सूर्याच्या फोटोसाठी लेन्सच्या पुढे, म्हणजे सूर्याच्या बाजूला, सौर फिल्टर लावावा लागतो. खगोलछंदी वापरतात ती सौर फिल्म चांगली. तिची घनता ५ असते, म्हणजे ती प्रकाशाचा एक लाखावा भाग आत सोडते. फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, साधारण हजारावा भाग सोडतो. म्हणजे सौर फिल्मच्या शंभरपट प्रकाश आत येतो. तो ‘खूप काळा दिसतो’ म्हणून डोळ्यासाठी सुरक्षित ठरत नाही. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच, एकावर एक ठेवलेले गॉगल यांतलं काहीही वापरायचं नाही.

फिल्म पुठ्ठ्याच्या कड्यात बसवून लेन्सवर घट्ट पण सहज निघेल अशी टोपी करा. फिल्म ताणून बसवायची नाही, थोड्या सुरकुत्या पडल्या तरी चालतात. दर वेळी वापरण्याआधी ती दिव्यासमोर धरून टाचणीएवढं भोक पडलं आहे का ते बघा. भोक दिसलं की ती फिल्म बाद. वाऱ्याने टोपी उडू नये म्हणून टेप लावा.

ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, असलेला कॅमेरा असेल तर त्यातून सूर्याकडे पाहायचंच नाही, फिल्टर लावलेला असला तरी सवय म्हणून नाही. सगळं काम मागच्या स्क्रीनवर करा. घरातली मुलं जवळ येत असतील तर त्यांना स्क्रीन दाखवा, व्ह्यूफाइंडर नव्हे.

वेळ ठरवणं: इथे चित्र ठरतं

नवीन माणूस आधी लेन्स विचारतो. खरं तर आधी वेळ ठरवावी, लेन्स आपोआप ठरते.

आठ सरळ उभा हवा असेल तर दुपारची वेळ घ्यावी लागते. पण ‘दुपारी बारा’ म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. तुमचं ठिकाण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला असेल तर दर अंशामागे चार मिनिटं उशिराची वेळ घ्या, पूर्वेला असेल तर तेवढी आधीची. दहा अंश पश्चिमेला असलेल्या माणसाचा सरळ आठ १२ वाजून ४० मिनिटांनी मिळेल. ही दुरुस्ती केली नाही तरी आठ येतोच, फक्त झुकलेला येतो.

मध्यम अक्षांशांवर, म्हणजे साधारण ४० ते ५० अंशांवर, दुपारचा उभा आठ छान जमतो. सूर्य तिथे डोक्यावर येत नाही आणि खाली इमारत किंवा डोंगर घेता येतो. उष्ण कटिबंधात मात्र दुपारची वेळ फसवी. तिथे वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो, आठ खमध्याला, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूला, ओलांडून पलीकडे जातो, आणि चौकटीत जमिनीवरचं काहीच बसत नाही. अशा ठिकाणी सकाळ किंवा दुपारनंतरची वेळच घ्या.

उष्ण कटिबंधात सकाळी काढलेला आठ आडवा पडतो. २० अंश उत्तर अक्षांशावर, स्थानिक सरासरी वेळेने, म्हणजे वरची रेखांशाची दुरुस्ती धरून, सकाळी आठला, जूनच्या शेवटी सूर्य क्षितिजापासून सुमारे ३५ अंश वर आणि पूर्वेच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरच्या शेवटी तो जेमतेम १७ अंश वर आणि बराच आग्नेयेला सरकलेला असतो. म्हणजे जूनकडचं टोक डावीकडे वर, डिसेंबरकडचं उजवीकडे खाली. हा आडवा आठ मला उभ्यापेक्षा जास्त आवडतो. क्षितिज, झाडं, घरांची छपरं त्याच्याखाली नीट मावतात आणि चित्राला जागा मिळते.

वेळ फार लवकरची घेऊ नका. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य उगवलेला हवा, आणि क्षितिजाच्या लगतच्या धुळीतून, धुक्यातून वर आलेला हवा. हिवाळ्यातल्या सूर्योदयानंतर दीड तास ही मी किमान मर्यादा धरेन. ध्रुववृत्तांच्या पलीकडे राहणाऱ्यांचा आठ अपुराच राहतो, कारण तिथे हिवाळ्यात काही दिवस सूर्य वरच येत नाही.

आणखी एक विचार करा, आणि हा प्रामाणिकपणे करा: त्या वेळी तुम्ही वर्षभर घरी असता का? सुट्टीच्या दिवशी नऊला उठणाऱ्याने सकाळी सातची वेळ घेऊ नये.

जागा शोधणं

स्टेलॅरियमसारखं आकाशाचं सॉफ्टवेअर उघडा, आपलं ठिकाण भरा, ठरवलेली वेळ स्थिर ठेवा आणि फक्त तारीख बदलत जा. २१ जून, २१ डिसेंबर, ११ फेब्रुवारी आणि ३ नोव्हेंबर या चार दिवशी सूर्याची उंची आणि दिशा लिहून घ्या. पहिल्या दोन तारखा आठाची टोकं देतात, उरलेल्या दोन मोठ्या फुग्याच्या दोन बाजू. या चार बिंदूंच्या भोवती सगळीकडे चार-पाच अंश मोकळी जागा धरा. हात पुढे ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते, एवढं मोजमाप जागेवर उभं राहून अंदाज घ्यायला पुरतं.

आता प्रत्यक्ष जागेवरून पाहा. तो सगळा पट्टा मोकळा आहे का? झाडं वर्षभरात वाढतात, आणि पानगळीत निष्पर्ण दिसणारी फांदी उन्हाळ्यात गर्द होते. समोर बांधकाम चालू असेल तर ती जागा सोडा, ते कुठवर चढेल याचा नेम नाही. खिडकीतून फोटो काढायचा तर काच उघडता आली पाहिजे. काचेमुळे सूर्याचं दुसरं फिकट बिंब उमटतं.

गच्ची, बाल्कनीचा कठडा, भिंतीचा कोपरा या जागा उत्तम. लोखंडी रेलिंग दिसायला भक्कम असतं, पण उन्हात प्रसरण पावतं आणि कुणी टेकलं की हलतं. शक्यतो भिंतच घ्या.

लेन्स

फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरवर २८ मिमी लेन्सची लांब बाजू सुमारे ६५ अंश आकाश घेते, २४ मिमीची सुमारे ७४ अंश. छोट्या, एपीएस-सी सेन्सरवर १८ मिमी लेन्स लांब बाजूला ६६ अंशांच्या आसपास देते. ४७ अंशांचा आठ, त्याभोवती मोकळी जागा आणि खाली जमीन, असं सगळं हवं तर फुल-फ्रेमवर २४ मिमी हा सुरक्षित आकडा. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा याच घरातला असतो. फक्त मोबाइल स्वतःहून एका लेन्सवरून दुसरीवर उडी मारतो, ती सोय बंद करून एकच लेन्स पक्की करा.

फिशआय, म्हणजे सरळ रेषा वाकवणारी अतिरुंद लेन्स, टाळा. साधी वाइड लेन्सही कडेला सूर्याला थोडा अंडाकृती करते, म्हणून आठ मधोमध ठेवा. झूम लेन्स असेल तर झूमचं आणि फोकसचं कडं टेपने चिकटवून टाका. फोकस अनंतावर, ऑटोफोकस बंद, इमेज स्टॅबिलायझेशनही बंद. स्टॅबिलायझेशन दर वेळी चौकट किंचित इकडेतिकडे नेतं, आणि वर्षाच्या शेवटी ते जाणवतं.

सूर्य एवढा लहान का दिसतो, अशी निराशा पहिल्या दिवशी होते. सूर्यबिंबाचा कोनीय व्यास अर्ध्या अंशाच्या थोडा वर आहे. सेन्सरवर त्याचा व्यास लेन्सच्या मिमी आकड्याला १०८ ने भागून येतो. २८ मिमी लेन्सवर तो भरतो पाव मिमीच्या आसपास, २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर सुमारे ४३ पिक्सेल. सूर्यडाग दिसायला ते अपुरं आहे. गोल, कडा स्पष्ट असलेला ठिपका मिळायला मात्र भरपूर.

बसवणं: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

सर्वात चांगला मार्ग म्हणजे एक जुना कॅमेरा वर्षभर जागचा हलवायचाच नाही. भिंतीला धातूची कंस-पट्टी बोल्टने बसवा, त्यावर कॅमेरा स्क्रूने घट्ट करा, वर पावसापासून झाकणारी पेटी करा. फोटो काढायचा नसेल तेव्हा लेन्सवर टोपी किंवा फिल्टर असलाच पाहिजे. उघड्या लेन्सवर रोज तासन्‌तास ऊन पडलं तर आतले भाग जळू शकतात. बॅटरी आणि कार्ड कॅमेरा न हलवता काढता येतात का, ते बोल्ट आवळण्याआधी तपासा. बऱ्याच कॅमेऱ्यांत बॅटरीचं झाकण खालच्या बाजूला, नेमकं स्क्रूच्या शेजारी असतं.

कॅमेरा इतर कामांसाठीही लागत असेल तर तो दर वेळी काढून पुन्हा त्याच जागी बसवावा लागेल. मग कॅमेऱ्याखाली एक फळी घ्या आणि ती खालच्या पक्क्या आधारावर तीन टेकूंवर बसू द्या. तीन टेकूंवर वस्तू कधी डुगडुगत नाही. फळीच्या दोन बाजूंना खुंट्या ठोका, म्हणजे ती दर वेळी त्याच खाचेत बसेल. फळी आणि कॅमेऱ्याचा जोड वर्षभर सोडायचा नाही, मोकळी करायची ती फळी.

या पद्धतीत दर वेळी एक संदर्भ-फोटोही काढा. सूर्याचा फोटो झाला की हातात पुठ्ठा धरून त्याची सावली पूर्ण लेन्सवर पाडा, मगच फिल्टर काढा आणि समोरच्या इमारती, डोंगर यांचा एक फोटो घ्या. पुठ्ठ्यामागे सूर्य लपलेला असल्यामुळे कॅमेऱ्याला धोका नाही, आणि जमिनीवरच्या खुणा स्पष्ट येतात. पुठ्ठा हलवण्याआधी फिल्टर परत लावा. पुढे फोटो जोडताना या खुणांवरून प्रत्येक फोटो थोडा सरकवून, फिरवून अचूक बसवता येतो. कॅमेरा पक्का असला तरी महिन्यातून एकदा असा संदर्भ-फोटो घ्यावा. भिंतीसुद्धा आपल्याला वाटतात तेवढ्या निश्चल नसतात.

ट्रायपॉडचे पाय जमिनीवर खडूने आखून दर वेळी उभा करायचा, असाही सल्ला दिला जातो. मी तो देणार नाही. पाय जागेवर आले तरी डोकं अर्धा अंश फिरलेलं असतं, आणि अर्धा अंश म्हणजे जवळजवळ पूर्ण एक सूर्य.

घड्याळ

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला पाव अंश. एक मिनिट चुकलं तर ठिपका जवळपास अर्ध्या बिंबाने सरकतो आणि आठाची रेघ तुटक दिसते. दहा सेकंदांची चूक मात्र बिंबाच्या बाराव्या हिश्शाएवढी, ती कुणाला दिसत नाही. तेव्हा दहा सेकंदांच्या आत राहायचं, त्याहून बारीक जाण्यात अर्थ नाही.

वेळ मोबाइलच्या नेटवर्कवरून घ्या, कॅमेऱ्याच्या घड्याळावर विसंबू नका. ते महिन्यागणिक पुढेमागे जातं, म्हणून दर आठवड्याला जुळवा. इंटरव्हल शूटिंगची सोय असेल तर ठरलेल्या वेळेच्या मिनिटभर आधीपासून दर दहा सेकंदांनी फोटो सुरू करा आणि नेमका हवा तो ठेवा. शेजारचे फोटोही जपा, ढग त्याच क्षणी आला तर मिनिटभर मागचापुढचा फोटो अगदीच काही नसण्यापेक्षा बरा.

उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे करणाऱ्या देशात असाल तर प्रकल्पासाठी घड्याळ बदलायचं नाही. त्या महिन्यांत तुमचा आठ वाजताचा फोटो पुढे केलेल्या घड्याळात नऊला येईल. हे विसरलं तर अर्धा आठ १५ अंश पलीकडे जाऊन पडतो.

एक्स्पोजर आणि पहिल्या दिवसाची चाचणी

मॅन्युअल मोड, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, व्हाइट बॅलन्स ठरावीक, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. घनता ५ च्या फिल्मसह शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापासून सुरू करा. दुपारच्या स्वच्छ आकाशात त्याहून कमी लागेल, सकाळच्या धूसर हवेत जास्त. बिंब पांढरंफटक न होता भरीव दिसलं आणि बाकी चौकट पूर्ण काळी राहिली की जमलं. काळं आकाश इथे दोष नाही, पुढची सगळी जुळणी त्यावरच उभी आहे.

खऱ्या कामाला हात घालण्याआधी एका दिवशी तासभर दर पाच मिनिटांनी फोटो काढा आणि ते एकमेकांवर जोडून पाहा. सव्वा अंश अंतराने ओळीत बसलेले ठिपके मिळायला हवेत. ओळ लहरत असेल तर कॅमेरा हलतोय. ठिपके जोडीने दिसत असतील तर फिल्टर किंवा काच बिंब परावर्तित करतेय. वर्ष वाया जाण्यापेक्षा हा एक तास स्वस्त.

किती दिवसांनी

आठवड्यातून एकदा ते दहा दिवसांतून एकदा. एवढ्याने वर्षात ३६ ते ५२ ठिपके होतात आणि आकृती भरते. ठरावीक तारीख पाळायची गरज नाही. ढग असतील तर दुसऱ्या दिवशी, नाही तर तिसऱ्या. वेळ सोडायची नाही, वार सोडला तरी चालतो.

अंतर मात्र वर्षभर सारखं दिसणार नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी सूर्य रोज सुमारे ०.४ अंश उत्तर-दक्षिण सरकतो, त्यामुळे ठिपके लांब लांब पडतात. जूनच्या उत्तरार्धात तो इतका सावकाश वळतो की दहा दिवसांच्या अंतराने काढलेली बिंबंही एकमेकांना चिकटतात. तिथे अंतर वाढवा. डिसेंबरचं वळण त्यामानाने ऐसपैस असतं, कारण त्या दिवसांत घड्याळ आणि सूर्य यांतला फरक रोज अर्ध्या मिनिटाने बदलत असतो.

पावसाळा लांब चालणाऱ्या प्रदेशात दोन-तीन महिने भोक पडणारच. त्याने हताश होऊ नका. सूर्य पुढच्या वर्षी त्याच तारखेला जवळजवळ त्याच जागी येतो, लीप वर्षामुळे पडणारा फरक संपातांजवळ, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धातसुद्धा, ०.१ अंशाच्या घरातला, मध्ये २९ फेब्रुवारी आली तर ०.३ च्या. कॅमेरा जागेवर असेल तर राहिलेले ठिपके पुढच्या वर्षी भरता येतात. पातळ ढगातून सूर्य दिसत असेल तर शटर जरा जास्त ठेवून फोटो घ्या, थोडं फिकट बिंबही चालतं.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, एक्स्पोजर, आकाश कसं होतं, कॅमेऱ्याला हात लागला का. फाइलमध्ये हे सगळं असतं असं वाटतं, पण ‘सफाईवाल्याने पेटी उचलली’ हे फाइलमध्ये नसतं.

समांतर एक सोपा प्रयोग

कॅमेऱ्याबरोबर जमिनीवरही एक आठ काढा, विशेषतः मुलं घरात असतील तर. सपाट मोकळ्या जागी एक काठी ओळंब्याने सरळ उभी करा, तिच्या टोकाला छोटा मणी बसवा, आणि दर आठवड्याला त्याच वेळी मण्याच्या सावलीच्या मध्यावर खूण करून तारीख लिहा. वर्षात जमिनीवर आठ उमटतो, फिल्टर लागत नाही आणि डोळ्यांना काही धोका नाही. आकाशातल्या आकृतीपेक्षा हा उलटा आणि ताणलेला असतो, हिवाळ्याची सावली लांब पडते म्हणून. काठी फार उंच घेऊ नका. सावलीची कड टोकापासूनच्या अंतराच्या सुमारे १०८व्या भागाएवढी पुसट होते, म्हणजे मीटरभर अंतरावर नऊ मिमी. मण्याची सावली दिसेनाशी होऊ नये एवढा तो मोठा हवा. कॅमेऱ्याचा आठ फसलाच तर हा तरी हातात राहतो.

पार्श्वभूमी आणि जोडणी

जमिनीचा फोटो त्याच कॅमेऱ्याने, त्याच जागेवरून, फिल्टर न लावता, सूर्य चौकटीच्या बाहेर असताना घ्यायचा. सकाळचा आठ असेल तर दुपारनंतर सूर्य पाठीमागे जातो, समोरचं सगळं उजळतं आणि आकाश निळं दिसतं. वर्षभरात असे अनेक फोटो घेऊन ठेवा, शेवटी कुठला आवडेल सांगता येत नाही.

जोडणीसाठी जिम्प, फोटोशॉप यांपैकी काहीही चालेल. सूर्याचा प्रत्येक फोटो वेगळ्या लेयरवर ठेवा आणि ब्लेंडिंग ‘लायटन’ करा. या पद्धतीत प्रत्येक ठिकाणी सर्वात उजळ पिक्सेल तेवढा राहतो, म्हणून काळ्या आकाशातून सगळे सूर्य एकदम वर येतात. स्टारस्टॅक्स हे सॉफ्टवेअर हेच काम सगळ्या फाइल एका दमात घेऊन करतं. शेवटी त्यावर पार्श्वभूमीचा लेयर त्याच पद्धतीने जोडा. पार्श्वभूमीचं आकाश फार उजळ असेल तर ठिपके त्यात विरतात, ते थोडं गडद करून घ्या.

सूर्य मोठे करू नका, ठिपक्यांना चमक लावू नका, एखादा राहिलेला ठिपका कॉपी करून चिकटवू नका. हे माझं ठाम मत आहे. वर्षभर वेळ पाळून मिळवलेल्या आकृतीत एक खोटा ठिपका घातला की बाकीच्यांवरचाही विश्वास जातो. रिकामी जागा रिकामीच दिसू द्या.

बरोबर आला का, कसं ओळखावं

लांबी ४७ अंशांच्या जवळ हवी, मोठ्या फुग्याची रुंदी साडेसात अंशांच्या आसपास. दोन रेघा जिथे छेदतात तिथे एप्रिलच्या मध्यावरचे आणि ऑगस्टच्या अखेरचे ठिपके जवळ जवळ आले पाहिजेत. फेब्रुवारीचा सूर्य मोठ्या फुग्याच्या पूर्वेकडच्या बाजूला हवा, नोव्हेंबरचा पश्चिमेकडच्या. छोट्या फुग्यात मे पश्चिमेला, जुलै पूर्वेला. उत्तर गोलार्धात मोठा फुगा खाली येतो, दक्षिण गोलार्धात दुपारी उत्तरेकडे तोंड करून काढलेल्या फोटोत तो वर असतो. एखादा ठिपका रेघेतून बाहेर पडला असेल तर आधी वहीतली त्या दिवशीची वेळ बघा, मग संदर्भ-फोटो. बहुतेकदा पहिल्यातच उत्तर सापडतं.

याच चित्रावरून एक कोडंही सुटतं. उत्तर गोलार्धात वर्षातला सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सूर्य सर्वात लवकर मावळतो तो त्याच्या कितीतरी आधी. २० अंश अक्षांशाजवळ तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच. आठाचा मोठा फुगा मावळतीच्या क्षितिजाकडे कसा तिरका उतरतो ते चित्र फिरवून बघा. सगळ्यात आधी क्षितिजाला टेकणारा ठिपका डिसेंबरच्या टोकाचा नसतो, त्याच्या आधीच्या दिवसांतला असतो.

पुढे हात बसला की याहून मोठे बेतही आहेत. तुर्कस्तानातल्या तुंच आणि जेंक तेझेल यांनी २९ मार्च २००६ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या अ‍ॅनालेमात एक ठिपका म्हणून गुंफलं होतं. त्यासाठी वर्षभराची वेळ त्यांनी ग्रहणाच्या वेळेवरून ठरवली होती.

छायाचित्र कुणाला दाखवाल तेव्हा खाली पाच गोष्टी लिहा: ठिकाणाचा अक्षांश, घड्याळाची वेळ, पहिल्या आणि शेवटच्या फोटोची तारीख, एकूण ठिपके, आणि पार्श्वभूमी वेगळ्या वेळी घेतली आहे ही नोंद. मूळ फाइल आणि वही दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा, आणि राहिलेले ठिपके पुढच्या वर्षी भरायचे असतील तर कॅमेऱ्याचा बोल्ट अजून सोडू नका.